“बाई, मुळाक डोळो असता काय?”

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही घाटावरून बदली होऊन सिंधुदुर्गातल्या एका द्विशिक्षकी शाळेत आलात. चौथीला वनस्पतीचे भाग शिकवलेत. मुलं तक्त्यावर बोट ठेवून मूळ, खोड, पान, फूल, फळ धडाधड सांगतात. पण शाळेमागच्या परड्यात नेलं की गाडी अडते. हळद मूळ की खोड? केळीचं खोड कुठलं? काजूचं फळ म्हणजे बोंडू की बी? प्रयोगशाळा नाही, सूक्ष्मदर्शक नाही, आणि तुम्हालाच खात्री वाटत नाही, मग मुलांना काय सांगायचं?

मी याच जिल्ह्यात ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. नोकरीच्या सुरुवातीला मी फळ्यावर एक ओळ लिहीत असे: ‘जमिनीखाली असतं ते मूळ, जमिनीवर असतं ते खोड.’ सोपी ओळ, मुलांना लगेच पाठ होणारी. एका पावसाळ्यात मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला. त्याच्या घरी सुरण लावत. तो म्हणाला, “बाई, सुरणाक डोळो असता. आजो डोळो वर करून लावता. मुळाक डोळो असता काय?”

मला उत्तर देता आलं नाही. “उद्या सांगते” म्हटलं आणि संध्याकाळी घरातला सुरण, हळद, रताळं, मुळा असं सगळं पुढ्यात घेऊन बसले. त्या मुलाचं बरोबर होतं. मुळाला डोळा नसतो. दुसऱ्या दिवशी ती ओळ मी फळ्यावरून पुसली आणि पुन्हा कधी लिहिली नाही. तेव्हापासून एकच गोष्ट धरून शिकवत आले: झाडाचा भाग तो कुठे आहे यावरून ओळखायचा नाही. त्याच्यावर खुणा कुठल्या आहेत आणि तो काम काय करतो, यावरून ओळखायचा. कोकणात ही गोष्ट शिकवणं फार सोपं आहे, कारण आपल्याकडच्या निम्म्या वनस्पती तक्त्यातल्या चित्रासारख्या वागतच नाहीत.

खुणा आधी पक्क्या करून घ्या. खोडाला पेरं असतात. प्रत्येक पेरावर पान असतं किंवा पान गळून गेल्याचा व्रण असतो, आणि त्या पानाच्या बगलेत डोळा असतो. डोळा म्हणजे पुढे होणारी फांदी किंवा फूल. मुळाला पेर नाही, पान नाही, बगलेतला डोळा नाही. एवढंच. उसाचं एक कांडं आणा, मुलांना हे तीन शब्द एका मिनिटात कळतात.

मग ओली हळद आणा. दुकानातलं वाळकं हळकुंड नको, परड्यातला गड्डा उपटून, धुऊन आणा. बोटाएवढ्या हळकुंडावर थोड्या थोड्या अंतरावर गोल कडी दिसतात. त्या कड्याला कागदासारखा पातळ, तपकिरी पापुद्रा चिकटलेला असतो. तो नखाने हळूच सोलायला सांगा. तो पापुद्रा म्हणजे जमिनीखाली राहिलेलं, हिरवं होऊ न शकलेलं पान. त्याच्या बगलेत बोट फिरवलं की एक टोकदार फुगवटा लागतो. तो डोळा. म्हणजे पेर आहे, पान आहे, डोळा आहे. आता त्याच गड्ड्याच्या अंगावरून निघालेले पांढरे, गुळगुळीत दोर बघा. त्यांच्यावर कडी नाहीत, पापुद्रे नाहीत. ती मुळं. खोड आणि मूळ दोन्ही जमिनीखाली, एकाच मुठीत. मुलांना ती मूठ धरू द्या. पातोळ्यांसाठी हळदीची पानं काढायला मुलं परड्यात जातातच, तेव्हाच हे करून टाका.

आलं, अळकुडी, सुरण यांची गोष्ट हीच. बटाट्याच्या डोळ्याजवळ नीट पाहिलंत तर भुवईसारखी एक बारीक रेघ दिसेल, तो पानाचा व्रण. कांद्याचं मात्र वेगळं आहे. त्याच्या बुडाशी जी टणक चकती असते ती खोड, तिच्याखालचे धागे ही मुळं आणि आपण चिरून खातो ती सगळी पानं.

रताळ्यापाशी तुम्हाला हुशार मुलगी अडवणार. ती म्हणेल, “सर, रताळ्याकपण कोंब येतत.” येतात, खरं आहे. तिला नाही म्हणू नका. पण कोंब कुठून येतात ते बघायला लावा. बटाट्यावर डोळ्यांच्या जागा आधीपासून ठरलेल्या असतात, कोंब येण्याआधीही तुम्ही त्यांच्यावर पेनाने खूण करू शकता. रताळ्यावर तशी जागा दाखवता येत नाही. कोंब फुटला की कळतं इथे फुटला, आणि त्याच्याशेजारी पानाचा व्रण नसतो. रताळं हे साठवण करणारं मूळच आहे. माझ्या वर्गात बटाट्यावर खुणा करून ठेवायचो आणि आठवडाभराने कोण बरोबर निघालं ते बघायचो.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण म्हणजे करांदा. हा तर वेलीवर, हवेत लटकतो. ज्यांच्या घरी उकडून खातात ती मुलं सांगतील की हे फळ आहे. त्यांना वेलीवर नेऊन करांदा नेमका कुठे चिकटलाय ते दाखवा: पानाच्या बगलेत, जिथे डोळा असायला हवा तिथे. आत बी नाही, आधी फूल येऊन गेलेलं नाही. तो फुगलेला डोळाच आहे. खाली पडला की त्यातून नवी वेल उगवते.

आणि सुरणाचं वर दिसणारं झाड? पावसात तो ठिपक्याठिपक्यांचा, मांसल दांडा वर येतो आणि टोकाला छत्री उघडतो. सगळे त्याला सुरणाचं खोड म्हणतात. त्या दांड्यावर पेर शोधा, मिळणार नाही. डोळा शोधा, मिळणार नाही. कारण तो पानाचा देठ आहे. वरची ती तीन फाट्यांची, कापल्या-चिरल्यासारखी आख्खी छत्री मिळून एकच पान होतं. खोड खाली मातीत गोल होऊन बसलंय. पावसाळा सरल्यावर ते आख्खं पान पिवळं पडून आडवं होतं, आणि मग सुरण खणतात. मला विचाराल तर चौथीच्या वर्गाला दाखवण्यासारखी याहून चांगली वनस्पती आपल्या जिल्ह्यात नाही. फक्त सुरण, अळू हाताळल्यावर हात धुवायला लावा, डोळ्यांना हात लावू देऊ नका. त्यांच्या अंगात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यांनी खाज येते. अळवाच्या भाजीत चिंच किंवा आमसूल का घालतात, ते मुलं आईला विचारून येतात आणि त्यातून बराच वेळ छान गप्पा होतात.

केळीसाठी तुम्हाला घड उतरवलेली केळ लागेल. ती एरवी तोडून टाकतातच. बुंधा आडवा कापा आणि मुलांना एकेक सोपट सोलायला द्या. एकात एक गुंडाळलेली सोपटं निघत जातात. प्रत्येक सोपट वर जाऊन पानाचा देठ होतं आणि पुढे पान. म्हणजे केळीचा बुंधा हा पानांच्या बुडांचा गुंडाळा आहे. अगदी मधोमध पांढरा, गोल गाभा लागतो. तो खालच्या खऱ्या खोडातून वर आलेला केळफुलाचा दांडा. खरं खोड जमिनीत, मुनवे फुटतात तिथे. एका खोडाला एकदाच घड येतो, मग ते संपतं आणि शेजारचा मुनवा मोठा होतो. घरोघरी हे माहीत असतं, पण का, ते या सोलण्यातून मुलांना पहिल्यांदा कळतं.

आता कामाकडे येते.

मुलांना विचारा, झाड जेवतं काय? बहुतेक मुलं ‘माती’ किंवा ‘खत’ सांगतात, आणि खरं सांगायचं तर बरीच मोठी माणसंही तेच सांगतात. ही समजूत मोडणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, त्यामुळे इथे घाई करू नका. मी त्यांना व्हॅन हेल्मॉन्टची गोष्ट सांगते. आजच्या बेल्जियममधला हा माणूस. त्याने एका कुंडीत २०० पौंड, म्हणजे साधारण ९० किलो वाळवलेली माती घातली आणि ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं. ५ वर्षं फक्त पाणी घातलं. शेवटी झाड भरलं १६९ पौंड, सुमारे ७७ किलो. मग त्याने माती पुन्हा वाळवून तोलली. ती किती कमी झाली असेल? मुलांना आकडा ओरडू द्या. पन्नास किलो, सत्तर किलो, सगळं येतं. उत्तर आहे २ औंस, म्हणजे मूठभर, साठ ग्रॅमच्या आत.

मग ते ७७ किलो आलं कुठून? हेल्मॉन्टला वाटलं, सगळं पाण्यातून. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये हे छापून आलं. तो अर्धाच बरोबर होता, हवा त्याच्या लक्षात आली नाही. झाडाचा हिरवा भाग उजेडात काय करतो ते दाखवायला १७७९ साल आणि यान इंगेनहाउझ हा डच शास्त्रज्ञ उजाडावे लागले. पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी पाठवलेलं पाणी घेतं आणि उजेडाच्या जोरावर साखर बनवतं. झाडाचं जेवण पानात शिजतं. मूळ पाणी भरतं आणि पाण्यात विरघळलेले क्षार आणतं. खत म्हणजे ते क्षार. जेवणातल्या मिठासारखे, थोडे पण लागतातच. मी मुलांना सांगते, पान ही चूल, मूळ ही पाणी भरणारी. आपल्या घरातली उदाहरणं लगेच पोचतात.

मुळाचं तिसरं काम तक्त्यात बहुधा नसतं: श्वास घेणं. मुळंही जिवंत आहेत, त्यांना हवा लागते. कुंडीत पाणी साचलं की झाड का मरतं याचं उत्तर हेच. आणि हे बघायला खाडी आहेच. ओहोटीची वेळ बघून, पालक सोबत घेऊन, काठावरूनच तिवराची झाडं दाखवा. चिखलातून वर आलेल्या पेन्सिलींसारख्या शेकडो काड्या दिसतात. त्या जमिनीतून वर, उलट दिशेने वाढलेली मुळं आहेत. खाडीच्या चिखलात हवा नसते, म्हणून ही मुळं नाक वर काढतात. त्यांच्या सालीवर बारीक छिद्रं असतात, ओहोटीला त्यातून हवा आत जाते. २०२० मध्ये आपल्या राज्याने पांढरी चिप्पी हा राज्य कांदळवृक्ष, म्हणजे राज्याचं खारफुटीचं झाड, जाहीर केला, तिचीही श्वासमुळं अशीच वर येतात, फक्त बुडाशी जाड आणि टोकाला निमुळती. कांदळ नावाच्या झाडाचं निराळंच. त्याची मुळं बुंध्यातून कमानीसारखी खाली उतरतात आणि झाडाला चिखलात उभं धरतात. कांदळाला लटकणाऱ्या हिरव्या, लांब ‘शेंगा’ दाखवायला विसरू नका. त्या शेंगा नव्हेत. बी झाडावरच रुजलेलं आहे आणि हे त्याचं रोप आहे. आईच्या अंगावर वाढून, वेळ आली की ते खाली चिखलात उभं रुततं किंवा पाण्याबरोबर दुसरीकडे जाऊन रुजतं.

मग मुलं विचारतात, भात पाण्यात उभा असतो, त्याची मुळं का कुजत नाहीत? छान प्रश्न आहे. भाताच्या पानापासून मुळापर्यंत आतून हवेच्या पोकळ वाटा असतात. लावणीच्या वेळी तरवा उपटतात तेव्हा एक रोप बाजूला काढून ठेवा.

खोडासाठी माझं हक्काचं झाड तेरडा. गणपतीच्या दिवसांत बांधावर, सड्यावर म्हणजे कातळाच्या माळावर, सगळीकडे असतो. बऱ्याच घरी गौर तेरड्याचीच आणतात, त्यामुळे मुलांना तो उपटून आणायला सांगावं लागत नाही. त्याचं खोड रसरशीत आणि अर्धपारदर्शक. बुडाकडून एक तुकडा पाण्याखालीच कापा आणि लाल शाई घातलेल्या पाण्याच्या बाटलीत उभा करा. तासाभरात खोडात लाल रेघा चढलेल्या बाहेरून दिसायला लागतात. उजेडापाशी धरा. पाणी सगळ्या खोडातून भिजत वर जात नाही, ठरावीक नळ्यांमधून जातं, हे मुलं स्वतःच्या तोंडाने सांगतात. नंतर आडवा काप घेतलात तर लाल ठिपक्यांचं कडं दिसेल. तेरड्याची पिकलेली बोंडं त्याच वेळी हातात फोडायला द्या. बोट लागताच ती फटकन उलगडतात आणि बिया लांब उडतात. बीप्रसारावर यापुढे वेगळा धडा घ्यावा लागत नाही.

पण खोडात वाहतूक दोन्ही बाजूंनी असते. पाणी वर, पानात बनलेली साखर खाली. ही खालची वाट सालीच्या आतल्या थरातून जाते. हे दाखवायला गुटी कलम करा. लिंबाची किंवा जामाची पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्या. दोन-अडीच सेंटीमीटर रुंदीची साल बांगडीसारखी गोल काढा, आतलं लाकूड मात्र तसंच ठेवा. त्यावर ओलं शेवाळ गुंडाळून प्लॅस्टिकने दोन्हीकडून घट्ट बांधा. ऐन पावसात करा. पहिल्या दिवशी मुलांना विचारून ठेवा: फांदी वाळेल का? ती वाळत नाही, कारण पाण्याच्या नळ्या लाकडात आहेत आणि त्या शाबूत आहेत. साखर मात्र कापापाशी अडते. कापाची वरची कड फुगते आणि तिथूनच मुळं फुटतात. दीड-दोन महिन्यांत प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसायला लागतील. त्या दिवशी वर्गात जो गोंगाट होतो तो मी आजही ऐकू शकते.

गावात कलमं बांधणारा कुणीतरी असतोच. त्याला शाळेत बोलवा. आंब्याचं कोय कलम बांधताना रायवळाची, म्हणजे साध्या गावठी आंब्याची, कोय रुजवतात. रोप दहा-पंधरा दिवसांचं, पानं अजून तांबूस असताना ते वरून छाटतात, मधोमध चीर देतात आणि हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवून पट्टी बांधतात. साल आणि लाकूड यांच्यामध्ये वाढीचा एक पातळ ओला थर असतो. दोघांचे थर जुळले की कलम जगतं. मुलांना विचारायचा प्रश्न हा: मूळ रायवळाचं, मग आंबा हापूसचा कसा? मूळ पाणी आणि क्षार पाठवतं. फूल आणि फळ कसं घडवायचं हे त्या काडीच्या अंगात असतं. म्हणूनच जोडाच्या खालून फूट आली की बागवाले ती लगेच काढतात, ती रायवळाची असते.

माडाला हा वाढीचा थर नाही. ही गोष्ट डोळ्यांनी बघता येते. आंब्याची फांदी तोडली की काही वर्षांत जखमेच्या कडा फुगून ओठांसारख्या आत वळतात आणि जखम बुजते. माडावर चढायला पाडलेली खाच वीस वर्षांनीही तशीच्या तशी असते. शाळेजवळचा एक जुना माड आणि एक जुना आंबा एकाच दिवशी दाखवा. माडाच्या खोडावरची कडी म्हणजे गळलेल्या झापांचे व्रण. वरच्या टोकाला एकच वाढता कोंब असतो, बाजूला फांदी होणारे डोळे नाहीत. म्हणून गेंड्या भुंग्याने तो कोंब खाल्ला की आख्खा माड जातो. झापं कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसली की नारळ काढणारा पाडेली सांगतो, भुंगा आत शिरलाय.

पानाचं निम्मं काम वर आलंच. एक प्रयोग तुम्ही स्वतः करून दाखवा: जास्वंदीचं ताजं पान चिमट्यात धरून कढत पाण्यात बुडवा. पानातली हवा तापून फुगते आणि बारीक बुडबुडे येतात, मुख्यतः खालच्या बाजूला. पानाची छिद्रं तिथेच जास्त असतात. पहाटे अळवाच्या पानाच्या टोकाला लोंबणारा थेंब नेहमी दव असतो असं नाही. रात्री मुळांनी जास्त चढवलेलं पाणी अळू तिथून बाहेर टाकतो. पावसाळ्यात सड्यावर गेलात तर दवबिंदू नावाची छोटी वनस्पती शोधा. तिच्या पानावरच्या चिकट केसांना किडे चिकटतात आणि ती ते पचवते. कातळावरच्या पातळ मातीत क्षार फार थोडे, म्हणून मुळाचं थोडं काम पानाने अंगावर घेतलंय.

फुलासाठी सगळे जास्वंद घेतात. दिसायला ती उत्तम आहे, पण दारातल्या जास्वंदीला फळ धरताना क्वचितच दिसतं, त्यामुळे फुलाचं पुढे काय होतं हे मुलांना कळतच नाही. मी भेंडीचं फूल घेते. ती जास्वंदीच्याच कुळातली, रचना तशीच. पाकळ्यांच्या मधोमध नळी, नळीवर परागकोश, टोकाला कुक्षी. सकाळी उमललेल्या फुलाच्या देठाला दोरा बांधा. फूल दुसऱ्या दिवशी गळतं आणि आतलं इवलं अंडाशय आठवडाभरात भाजीची भेंडी होतं. ती आडवी चिरली की पाच कप्पे आणि बिया. ‘अंडाशयाचं फळ होतं’ हे वाक्य पाठ करायची गरज उरत नाही.

नर फूल, मादी फूल म्हणजे काय, त्यासाठी भोपळा आणि पडवळ पुरे. फणसाखाली काळी पडून गळालेली बोटाएवढी बोंडं मुलं गोळा करतात आणि घरचे म्हणतात, यंदा फणस गळाला. त्यातली बरीच बोंडं ही नर फुलांचे गुच्छ असतात. पराग देऊन झाले की ती गळणारच. कुयरी, म्हणजे कोवळा फणस, धरते ती मादी गुच्छाची. रातांब्याचं याच्याही पुढे, तिथे नर झाड आणि मादी झाड बहुधा वेगळंच असतं. बी लावून वाढवलेला रातांबा वर्षानुवर्षं नुसता फुलत राहिला, तर तो बहुतेक नर असतो.

आता काजू. काजूच्या मोहोरावर अगदी लहानपणापासून लक्ष ठेवायला सांगा. फूल गेल्यावर आधी हिरवी बी वाढते, जवळजवळ पूर्ण आकाराची होते. तोवर तिच्यामागे नुसता बारीक देठ असतो. नंतर तो देठ फुगायला लागतो, रसाळ होतो, पिवळा-लाल होतो. तो बोंडू. म्हणजे अंडाशयापासून झालेलं खरं फळ आपण ज्याला बी म्हणतो ते, त्याच्या आतला गर हे बी, आणि बोंडू हा फुगलेला देठ. वर्गातली मुलं यावर तुमच्याशी भांडतील. भांडू द्या, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडाखाली न्या. सगळ्या पायऱ्या एकाच फांदीवर सापडतात. जमलं तर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रावर सहल काढा, काजूच्या कितीतरी जाती एकाच जागी बघता येतात. एक सूचना मात्र कडक पाळा: कच्ची बी मुलांना फोडू देऊ नका. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते.

फणसाचं आख्खं फळ म्हणजे शेकडो फुलं एकत्र वाढलेली. सालीवरचा एकेक काटा म्हणजे एकेक फूल. ज्या फुलात बी धरलं त्याचा गरा झाला, ज्यात नाही धरलं ती गऱ्यांमधली चिवट पट्टी. नारळात सोडण आणि करवंटी ही फळाची आवरणं. खोबरं आणि पाणी दोन्ही बाळरोपासाठी साठवलेला शिधा, एक घट्ट आणि एक पातळ. रुजलेला नारळ फोडला की आत पांढरा, गोड, स्पंजासारखा गोळा मिळतो. मुलं त्यावर तुटून पडतात. पडू द्या, पण आधी सांगा की तो त्या रोपाचाच एक अवयव आहे. खोबरं शोषून कोंबाकडे पोचवायचं काम तो करतो. करवंटीच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, कोंब त्यातूनच येतो. हा ‘डोळा’ खोडाच्या डोळ्यापेक्षा वेगळा, हेही त्याच वेळी सांगून टाका, नाहीतर गोंधळ होतो.

परीक्षेत तक्त्याला नावं द्यायला सांगू नका. एक आलं, एक रताळं, एक करांदा टेबलावर ठेवा आणि विचारा: हे काय, आणि कशावरून? ‘कशावरून’ला निम्म्याहून जास्त गुण द्या. उत्तर चुकलं पण मुलाने खूण नीट पाहिली असेल तर मी गुण देत असे.

सुरुवात कुठून करायची असं विचारलंत, तर सुरणापासूनच. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी गावातून दोन छोटे गड्डे मागून घ्या, कुणीही देईल. शाळेच्या मागे, पाणी साचणार नाही अशा जागी दोन्ही लावा, एकाचा डोळा वर आणि दुसऱ्याचा मुद्दाम खाली. वर कोंब दिसायला बरेच दिवस लागतात, आणि मुलं ते उकरून बघितल्याशिवाय राहणार नाहीत. उलटा लावलेला त्यांना उकरू द्या. खालून निघालेला कोंब वळून वर कसा येतो ते त्यांना वहीत काढू द्या, आणि सरळ लावलेल्यावर पालापाचोळा टाकून तो झाकून ठेवा.